पहिल्याच पावसात रस्त्यावर खड्डे पडतात, मग रनवेवर का पडत नाहीत?

जून उजाडला की दोन गोष्टी हमखास दिसतात. एक म्हणजे रस्त्यावरचे खड्डे आणि दुसरी म्हणजे त्या खड्ड्यांवरचे रील्स. कुणी खड्ड्यात होडी सोडतं, कुणी रोप लावतं, कुणी खड्ड्याचा वाढदिवस साजरा करतं. आणि खाली कमेंटमध्ये एक प्रश्न ठरलेला असतो, "पाऊस तर एअरपोर्टवर पण पडतो, मग रनवेला खड्डे का पडत नाहीत?"

प्रश्न गमतीत विचारलेला असतो, पण आहे अगदी रास्त. कारण रनवेसाठीही खडी, वाळू आणि डांबर हाच माल लागतो. काही रनवे काँक्रीटचे असतात, पण बरेचसे डांबरीच. मग फरक नेमका कुठे पडतो?

आधी वजनाचा हिशोब बघू

बोइंग ७७७-३००ईआर हे विमान पूर्ण भरलं की साधारण ३५१ टनांपर्यंत जातं. यातलं जवळपास सगळं वजन मागच्या १२ चाकांवर येतं, म्हणजे एकेका चाकावर २७ टनांच्या आसपास. आपल्याकडे ट्रकच्या चार टायरच्या एका ॲक्सलला कायद्यानं ११.५ टनांची मर्यादा आहे. थोडक्यात, ट्रकचे चार टायर मिळून जेवढं वजन पेलतात, त्याच्या दुपटीहून जास्त वजन विमानाचं एकटं चाक रनवेवर टाकतं.

टायरमधल्या हवेचंही तसंच. कारमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो, तर प्रवासी विमानाच्या टायरमध्ये ती २०० पीएसआयच्या आसपास असते.

आता रस्त्याची बाजूही ऐकली पाहिजे. मुंबई विमानतळावर दिवसाला ९०० हून अधिक विमानांची ये-जा होते, पण एखाद्या हायवेवरून तेवढी वाहनं काही मिनिटांत जातात. म्हणजे रनवेवर वजन जास्त आणि रस्त्यावर फेऱ्या जास्त.

पण मोठा फरक वेगळाच आहे. कुठला रनवे किती भार पेलू शकतो याचा आकडा जाहीर केलेला असतो. कुठलं विमान किती ताण देतं याचाही आकडा ठरलेला असतो. दोन्ही जुळले तर विमान तिथं निर्धास्त उतरतं, नाही तर खास परवानगी आणि मर्यादा येतात. २८ नोव्हेंबर २०२४ पासून जगभरात यासाठी नवी मोजणी पद्धतही लागू झाली आहे. रस्त्यावरही वजनाचा कायदा आहे, पण रात्री वाळूचे ओव्हरलोड डंपर कसे धावतात हे गावागावात माहीत आहे.

खड्डा वरून नाही, खालून पडतो

खड्डा पडतो म्हणजे वरचं डांबर झिजतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर सुरुवात होते एका बारीक भेगेपासून. त्या भेगेतून पाणी आत मुरतं आणि खालचा खडी-मुरुमाचा थर सैल होतो. वरून गाडी गेली की ते पाणी दाबलं जातं आणि भेगेतून वर येताना बारीक माती सोबत घेऊन येतं. असं हजार वेळा झालं की खाली पोकळी तयार होते आणि एक दिवस वरचं डांबर आत बसतं.

म्हणून रनवेचं खरं काम डोळ्यांना दिसत नाही अशा ठिकाणी, म्हणजे जमिनीखाली होतं. आधी माती तपासतात. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, अशा जमिनीवर तसाच थर टाकला तर वरचं काम कितीही भारी असलं तरी टिकत नाही. अशी माती काढून टाकतात किंवा चुना-सिमेंट मिसळून तिला घट्ट करतात. त्यावर जाड खडीचे थर, मग बारीक खडीचे आणि शेवटी डांबराचे थर. प्रत्येक थर रोलरनं दाबून, तो पुरेसा घट्ट बसलाय का हे मोजल्यावरच पुढचा थर येतो.

नवी मुंबई विमानतळाचं उदाहरण घ्या. जागा खाडीकाठची, बराचसा भाग दलदलीचा. तिथं ३,७०० मीटरचा रनवे करण्याआधी उलव्याची टेकडी फोडावी लागली, त्या दगडानं भराव घालावा लागला आणि उलवे नदीचा प्रवाहही वळवावा लागला. डांबर या सगळ्यानंतर आलं.

आणि एकदा तयार झालेला रनवे कुणी केबल टाकायला किंवा गॅसची पाइपलाइन न्यायला खोदत नाही. शहरातल्या रस्त्यांच्या नशिबी हे सुख नसतं. खोदून नुसती माती ढकललेला चर हेच पाण्याला आत शिरायचं सगळ्यात सोपं दार असतं.

पाण्याला थांबूच द्यायचं नाही

रनवे वरून एकदम सपाट दिसतो, पण तो सपाट नसतो. मधोमध थोडा उंच असतो आणि दोन्ही बाजूंना उतरता. मोठ्या रनवेसाठी हा उतार साधारण १.५ टक्के ठेवतात. मुंबईचा मुख्य रनवे ६० मीटर रुंद आहे. हा हिशोब लावला तर मधला भाग कडेपेक्षा ४५ सेंटीमीटर उंच येतो. एवढ्या उतारानं पाणी आपोआप कडेला आणि तिथून गटारात जातं.

यासोबत बऱ्याच रनवेंवर आडव्या खाचा पाडतात. खाच ६ मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर खोल आणि दोन खाचांमध्ये साधारण ३८ मिलिमीटर अंतर, असं प्रचलित माप आहे. चाकाखाली आलेलं पाणी या खाचांतून निसटतं.

एवढी काळजी फक्त डांबरासाठी घेत नाहीत. पाणी साचलं आणि वेग जास्त असला की टायर रस्त्याला न टेकता पाण्याच्या थरावर तरंगतो. नासाच्या संशोधनातून आलेल्या ठोकताळ्यानुसार २०० पीएसआय हवेच्या टायरसाठी हा वेग ताशी २३५ किलोमीटरच्या आसपास येतो, आणि विमानं साधारण याच वेगाच्या आगेमागे उतरतात. टायर तरंगला की ब्रेक जवळपास निकामी होतो.

७ ऑगस्ट २०२० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान भर पावसात कोझिकोडच्या टेबलटॉप रनवेवर उतरलं. वारा मागून होता आणि चाकं टेकेपर्यंत जवळपास अर्धा रनवे संपला होता. विमान रनवे ओलांडून खाली गेलं आणि २१ जणांचा जीव गेला. वैमानिकानं ठरलेली कार्यपद्धती पाळली नाही, हे चौकशी अहवालानं संभाव्य कारण म्हणून नोंदवलं. पण ओल्या रनवेवर चूक सावरायला किती कमी जागा उरते, हे त्या दिवशी सगळ्या देशानं पाहिलं.

मुंबई विमानतळ सहा तास बंद का ठेवतात?

दरवर्षी पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बातमी येते, मुंबईचे रनवे सहा तास बंद राहणार. २०२४ मध्ये ९ मे आणि १७ ऑक्टोबर या दोन दिवशी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ असे ते बंद होते. मुंबईचे दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चौकात काम काढलं की दोन्ही थांबतात. याची सूचना विमान कंपन्यांना साधारण सहा महिने आधी मिळते.

या वेळात पृष्ठभागावर कुठं भेग आहे, कुठं झीज आहे ते बघतात आणि तिथल्या तिथं दुरुस्त करतात. दिवे, पट्टे आणि पाण्याचा निचरा तपासतात. रनवेवर बसलेलं रबर काढणं हेही नेहमीचं काम. विमान उतरताना थांबलेलं चाक क्षणात गरगर फिरायला लागतं आणि त्या घर्षणात टायरचं रबर रनवेला चिकटतं. टीव्हीवर दिसणारे ते काळे पट्टे म्हणजे हेच. रबर साचलं की खाचा बुजतात आणि पकड कमी होते, म्हणून ते जोरदार दाबाच्या पाण्यानं खरवडून काढतात.

मोठं काम असेल तर बंदही मोठा. २०१९ मध्ये मुंबईच्या दोन रनवेंच्या चौकाच्या दुरुस्तीसाठी फेब्रुवारी-मार्चमधले २२ दिवस रोज सहा तास दोन्ही रनवे बंद होते. पुण्यात लोहगावचा रनवे हवाई दलाचा. तिथं ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्यानं थर टाकायला १४ दिवस विमानसेवाच बंद ठेवली होती.

खडा पडला तरी पळापळ

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार मोठ्या विमानतळावर धावपट्टीची पाहणी दिवसातून किमान दोनदा करावी लागते. कारण सुटलेला एक खडा इंजिनात गेला तर इंजिनाचं वाटोळं होऊ शकतं. २५ जुलै २००० ला पॅरिसजवळ काँकॉर्ड विमान पडलं, त्याची सुरुवात रनवेवर पडलेल्या एका धातूच्या पट्टीपासून झाली होती. आधी उडालेल्या दुसऱ्या विमानाची ती पट्टी काँकॉर्डच्या टायरखाली आली आणि ११३ लोक गेले. त्यामुळे रनवेवर भेग दिसली की ती 'पुढच्या टेंडरमध्ये बघू' म्हणून सोडता येत नाही.

मग रनवे खराब होतच नाही का?

होतो की. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावर रनवेचा एक भाग वर उचलला गेला आणि उड्डाणं थांबवावी लागली. डांबराचा वरचा थर काही वर्षांनी बदलावाही लागतोच. फक्त बिघाड लवकर दिसतो आणि लगेच दुरुस्त होतो, म्हणून तो खड्ड्यापर्यंत पोचत नाही.

यातलं रस्त्याला काय लागू होतं?

प्रत्येक गल्ली रनवेसारखी बांधा असं कुणी म्हणणार नाही, तेवढा पैसा कुठल्याच महापालिकेकडे नाही. पण रस्त्याला नीट उतार देणं, कडेची गटारं पावसाआधी उपसणं, खोदलेला चर थर देऊन बुजवणं, ओव्हरलोड गाड्या अडवणं आणि भेगा मे महिन्यातच भरणं, यात कुठलंही रॉकेट सायन्स नाही. हे सगळं रस्त्यांच्या नियमपुस्तकातही लिहिलेलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "पाऊसच एवढा झाला" म्हणालं, तर त्याला सांगा की तेवढाच पाऊस सांताक्रूझला एअरपोर्टवरही पडतो. तिथं भेग दिसली की काम सुरू होतं, इथं खड्डा पडून कुणीतरी गाडीवरून पडल्यावर.