चीनच्या बाजारपेठेत जयणा

शेंद्रा पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत आणि तिच्यालगत उभ्या राहिलेल्या ऑरिक नगरीत लहानमोठे कारखाने चालविणाऱ्यांना चीन आता परका राहिलेला नाही. साचे, मोटारी, सर्किट बोर्ड, एलईडीचे सुटे भाग यांच्या निमित्ताने छत्रपती संभाजीनगरचा व्यापारी ग्वांगझू आणि शेंझेन या शहरांशी जोडला गेला आहे. २०२० पासून खंडित झालेली थेट विमानसेवा २०२५ च्या ऑक्टोबरअखेर कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली आणि हा प्रवास सोपा झाला. मात्र जैन कुटुंबातून कोणी प्रथमच चीनला निघाले, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात : तेथे खाणार काय, आणि येताना आणणार काय?

मेळा आणि चातुर्मास

ग्वांगझूचा कँटन मेळा १९५७ पासून भरतो. वर्षातून दोनदा, साधारणपणे १५ एप्रिल आणि १५ ऑक्टोबरला त्याचा आरंभ होतो. विद्युत उपकरणे, इलेक्ट्रॉनिक्स आणि यंत्रसामग्री पहिल्याच टप्प्यात असते. शरद ऋतूतील मेळ्याचा हा टप्पा नेहमी चातुर्मासातच येतो. या काळात अनेक श्रावक पालेभाज्या वर्ज्य करतात. चीनमध्ये शाकाहाऱ्यापुढे सहज येणारा पदार्थ मात्र परतलेली पालेभाजीच असतो. ज्यांनी दिग्व्रताची किंवा प्रवासाची मर्यादा घेतली आहे, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच एप्रिलच्या मेळ्याचा विचार करावा. व्यापाराची तारीख बदलता येते. घेतलेला नियम प्रवासात मोडण्यापेक्षा ते बरे.

'शाकाहारी' एवढे पुरेसे नाही

चिनी भाषेत शाकाहाराला 'सू' म्हणतात. पण केवळ 'मांस नको' असे सांगितल्यास कालवांचा सॉस, कोंबडीच्या अर्काची पूड किंवा डुकराची चरबी घातलेली भाजी समोर येऊ शकते. स्वयंपाक्याच्या मनात फसवणूक नसते. त्याच्या दृष्टीने ती भाजीच असते. म्हणून काय चालते यापेक्षा काय चालत नाही याची यादी चिनी लिपीत छापून खिशात ठेवावी : मांस, मासे, अंडी, प्राणिज चरबी, कालवांचा सॉस, कोंबडीची पूड, कांदा, पात, लसूण, आले, बटाटा, गाजर, मुळा, कमळकंद आणि अळंबी.

या शोधात चिनी बौद्ध परंपरा मोठा आधार देते. तेथील भिक्षू मांसाहाराबरोबर कांदा, लसूण इत्यादी पाच उग्र वनस्पतीही वर्ज्य मानतात. त्यामुळे विहारांच्या भोजनगृहांत आणि त्या पद्धतीच्या उपाहारगृहांत निम्मे काम आपोआप होते. शेंझेनच्या वनस्पती उद्यानातील होंगफा विहार हे त्याचे उदाहरण. तरीही कंदमुळे आणि अळंबी तेथे मुबलक वापरतात, आणि मांसासारखे रूप दिलेले सोयाबीनचे पदार्थही असतात. तेव्हा यादी तेथेही दाखवावीच. वाफवलेला भात, साधे टोफू, दुधी, काकडी, मका, पपनस आणि ड्रॅगनफळ यांवर दिवस निभावतो. भेट म्हणून मिळणाऱ्या चंद्रकेकमध्ये अनेकदा बदकाच्या अंड्याचा बलक असतो. तो आदराने स्वीकारावा, पण खाऊ नये.

पाण्याची बाब मात्र सुखाची आहे. चिनी लोक स्वतःच गरम पाणी पितात. रेल्वे स्थानकांवर आणि गाड्यांत उकळत्या पाण्याचे नळ असतात. थर्मास सोबत असला, की उकाळलेले पाणी पिणाऱ्याची सोय होते. पाण्याची कालमर्यादा तेवढी आपण सांभाळायची. खाकरे, दशम्या, मेतकूट, शेंगदाण्याची बिनलसणाची चटणी आणि मूगडाळ-तांदळाचे तयार मिश्रण यांचा एक डबा सामानात असावा.

वेळेचेही भान हवे. चीनचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. ग्वांगझूत ऑक्टोबरच्या मध्यास सूर्यास्त सहाच्या सुमारास, तर एप्रिलच्या मध्यास पावणेसातच्या सुमारास होतो. मेळ्याच्या मंडपातून निघून भोजनगृह शोधेपर्यंत ही वेळ टळते. म्हणून चौविहार करणाऱ्याने पाच वाजताच जेवता येईल, अशी दिवसाची आखणी करावी.

हीच कसोटी खरेदीलाही

शेंझेनचा ह्वाचियांगबेई बाजार म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सचे महासागर. तेथे अस्सल, नक्कल आणि दुरुस्त करून नव्यासारखे केलेले, असे तिन्ही प्रकार शेजारी-शेजारी मिळतात. 'ओरिजिनल' हा शब्द तेथे 'शाकाहारी'इतकाच अपुरा आहे. मॉडेल, क्षमता, हमी आणि परत घेण्याची अट लेखी घ्यावी, वस्तू समोर चालवून पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. चीनसाठी बनविलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये गूगलच्या सेवा सहसा नसतात आणि हमीही बहुधा चीनपुरतीच असते. विजेचा दाब आपल्याजवळपास असला, तरी प्लग वेगळा असतो.

काही वस्तू स्वस्त असूनही घेऊ नयेत. ड्रोनच्या आयातीवर भारतात फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. पॉवर बँक विमानात केवळ हातातील सामानात नेता येते. १०० वॅट-तासांपर्यंत, म्हणजे सुमारे २७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चीनच्या देशांतर्गत विमानांत २८ जून २०२५ पासून '३सी' चिन्ह नसलेली पॉवर बँक चालत नाही. आपल्याकडे घेतलेल्या पॉवर बँकेवर हे चिन्ह बहुधा नसते. स्वतःच्या वापराचे सामान आणि विक्रीचा माल यांतला भेदही पाळावा. विक्रीसाठी चार्जर वा पॉवर बँक आणायच्या तर आयातदार क्रमांक, सीमाशुल्क आणि भारतीय मानक ब्युरोची नोंदणी हाच मार्ग. सामानात लपवून आणलेला माल अचौर्याच्या व्रतात बसत नाही.

परिग्रह-परिमाणाचा विचार निघण्यापूर्वीच व्हावा. घरातील प्रत्येकाने काय हवे आणि का हवे ते लिहून द्यावे; यादीबाहेरची वस्तू कितीही स्वस्त वाटली, तरी ती आणू नये. जेवणाची यादी जिभेला आवरते, खरेदीची यादी लोभाला. आगमांनी यालाच जयणा म्हटले आहे : चालताना, बसताना, बोलताना, खाताना सावध असणे. शेंद्र्याहून निघालेल्या व्यापाऱ्याच्या खिशात या दोन याद्या असतील, तर चार हजार किलोमीटर दूरही त्याचे घर त्याच्याबरोबर असते.