विश्लेषण : नाव देऊन मिळाले ३० तास, ‘मिसफिट्स’चा पहिला अल्बम १८ वर्षे का रखडला?

परभणीच्या स्टेशन रोडवर किंवा गंगाखेडच्या बसस्थानकात एखाद्या कॉलेजकुमाराच्या काळ्या टी-शर्टवर दात विचकणारी पांढरी कवटी दिसली, तर ती कुणाची हे त्यालाही बहुधा सांगता येणार नाही. खरेदीच्या अ‍ॅपवर तो टी-शर्ट सहज मिळतो, दिसायला भारी वाटतो, एवढे पुरेसे असते. ही कवटी ‘मिसफिट्स’ या अमेरिकी बँडची ओळख आहे. ‘हॉरर पंक’ या संगीतप्रकाराचा पाया याच बँडने घातला, असे मानले जाते. मात्र या बँडने १९७८ मध्ये रेकॉर्ड केलेला पहिला अल्बम श्रोत्यांच्या हाती पूर्ण स्वरूपात पडला तो १९९६ मध्ये. तोवर बँड फुटला होता, सदस्य कोर्टकचेरीत अडकले होते आणि त्यातली गाणी दुसऱ्यांच्या आवाजात जगभर गाजली होती. हे कसे घडले, आणि मोबाइलवर गाणे रेकॉर्ड करणाऱ्या आजच्या कलाकाराने त्यातून काय घ्यावे?

हॉरर पंक म्हणजे काय?

पंक हा रॉक संगीताचा सर्वांत उघडावाघडा प्रकार. तीन-चार सोप्या कॉर्ड, भन्नाट वेग, दोन मिनिटांत संपणारे गाणे आणि ‘येत नसले तरी वाजवा’ ही वृत्ती. न्यू यॉर्कच्या ‘रमोन्स’ या बँडचा पहिला अल्बम १९७६ मध्ये सुमारे ६,४०० डॉलरमध्ये तयार झाला आणि पैसा नसलेल्या असंख्य पोरांना आपणही बँड काढू शकतो, असे वाटू लागले.

मिसफिट्सने या पंकमध्ये भुताखेतांचे, परग्रहवासीयांचे स्वस्त सिनेमे मिसळले. गाण्यांची नावेही तशीच : ‘टीनएजर्स फ्रॉम मार्स’, ‘रिटर्न ऑफ द फ्लाय’. यातली भीती नारायण धारपांच्या कथांसारखी हळूहळू अंगावर येणारी नाही. ती ‘झपाटलेला’मधल्या तात्या विंचूच्या जवळची, म्हणजे घाबरवता घाबरवता हसवणारी. आपल्याकडेही असे प्रयोग झाले आहेत. मुंबईच्या एका मेटल बँडचे नावच ‘भयानक मौत’ आहे, तर मुंबईच्याच ‘स्क्राइब’ने २०१४ च्या अल्बमला ‘हेल मोगॅम्बो’ असे थेट हिंदी सिनेमातले नाव दिले.

नावाच्या बदल्यात स्टुडिओ कसा मिळाला?

न्यू जर्सीतले लोडी हे न्यू यॉर्कजवळचे छोटे गाव. तिथे १९७७ मध्ये गायक ग्लेन डॅन्झिगने बँड सुरू केला. मर्लिन मन्रोच्या १९६१ च्या ‘द मिसफिट्स’ या चित्रपटावरून नाव घेतले. सोबतीला बास गिटार वाजवणारा जेरी ओन्ली होता. त्याच वर्षी बँडने ‘कफ/कूल’ ही पहिली तबकडी स्वतःच काढली. गंमत म्हणजे या पंक तबकडीत गिटारच नव्हते. होता तो इलेक्ट्रिक पियानो. तबकडीवर छापायला कंपनीचे नाव हवे म्हणून त्यांनी ‘ब्लँक रेकॉर्ड्स’ हे नाव घेतले. ऑफिस नाही, कर्मचारी नाहीत. कंपनी फक्त कागदावर.

पण त्या कागदालाच किंमत आली. ‘मर्क्युरी’ या बड्या कंपनीला आपल्या नव्या शाखेसाठी हेच नाव हवे होते. मिसफिट्सकडे नाव होते, मर्क्युरीकडे स्टुडिओ घेऊन देण्याची ताकद. नाव सोडा आणि त्याबदल्यात ३० तासांचा स्टुडिओ घ्या, असा सौदा ठरला. पुढे मर्क्युरीने ‘पेर उबू’ या बँडचा पहिला अल्बम ‘ब्लँक’ याच नावाखाली १९७८ मध्ये आणला. मिसफिट्सने नवे नाव शोधले ‘प्लॅन ९’. एड वूड यांच्या ‘प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस’ या चित्रपटावरून ते घेतले होते. जगातल्या सर्वांत वाईट चित्रपटांत त्याची गणना होते, हेच त्यांना आवडले असावे.

३० तासांत १७ गाणी कशी झाली?

जानेवारी आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये न्यू यॉर्कच्या सी. आय. रेकॉर्डिंग या स्टुडिओत काम झाले. डॅन्झिग आणि ओन्ली यांच्यासोबत गिटारवर फ्रान्शे कोमा आणि ड्रमवर मिस्टर जिम होते. हिशेब सोपा होता. ३० तास आणि १७ गाणी, म्हणजे एका गाण्याच्या वाट्याला जेमतेम पावणेदोन तास.

पावणेदोन तास किती कमी, हे समजण्यासाठी स्टुडिओतले काम समजून घ्यावे लागते. तेव्हा रेकॉर्डिंग रुंद चुंबकीय फितीवर होई. ड्रम, बास, गिटार, गायन प्रत्येकाला फितीवर वेगळा पट्टा मिळे. आधी वाद्ये वाजवून घ्यायची, मग चुका दुरुस्त करायच्या, मग वरून आणखी वाद्ये किंवा आवाज चढवायचे. शेवटी ‘मिक्सिंग’, म्हणजे कुणाचा आवाज किती ठेवायचा हे ठरवून सगळे पट्टे एकत्र करायचे. मोठे बँड एकेका गाण्यावर कित्येक दिवस घालवत.

मिसफिट्सला ती चैन नव्हती. चौघांनी बहुतेक गाणी एकत्र, प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवतात तशी वाजवली. वरून चढवण्याचे काम अगदी थोडे झाले. आधी सराव पक्का, मगच फीत चालू. तरीही वेळ पुरला नाही. १७ पैकी १४ गाण्यांचेच मिक्सिंग झाले. ‘शी’, ‘स्पायनल रिमेन्स’ आणि ‘इन द डोअरवे’ ही तीन मागे राहिली. पण याच घाईने अल्बमला त्याचा आवाज दिला. वाद्ये ओबडधोबड, वेग पिसाटलेला आणि त्यावर डॅन्झिगचा एल्विस प्रेस्लीची आठवण करून देणारा भरदार, सुरेल गळा. अल्बमचे नाव ठरले ‘स्टॅटिक एज’. स्टॅटिक म्हणजे टीव्हीवर चित्र गेल्यावर दिसणाऱ्या आणि खरखरणाऱ्या मुंग्या.

मग अल्बम बाजारात का आला नाही?

फीत तयार होती, पण ती छापून विकणारा कुणी नव्हता. मर्क्युरीने स्टुडिओ दिला होता, प्रकाशनाचे वचन नव्हे. बँडने इतर कंपन्यांची दारे ठोठावली; कुणीही पुढे आले नाही. काळही अनुकूल नव्हता. ज्या जानेवारीत मिसफिट्स स्टुडिओत शिरले, त्याच जानेवारीत पंकचा सर्वांत गाजलेला बँड ‘सेक्स पिस्टल्स’ अमेरिका दौऱ्यात फुटला.

अखेर जून १९७८ मध्ये बँडने ‘प्लॅन ९’मार्फत चार गाण्यांची ‘बुलेट’ ही छोटी तबकडी स्वतःच काढली. बाकी गाणी फितीतच राहिली. मिसफिट्सचा बाजारात आलेला पहिला पूर्ण अल्बम वेगळाच ठरला : मार्च १९८२ मधला ‘वॉक अमंग अस’. १३ गाणी, तीही २५ मिनिटांच्या आत. तोपर्यंत गिटारवादक आणि ड्रमर बदलले होते. ऑक्टोबर १९८३ मध्ये बँडच संपला.

अल्बम नसताना गाणी कशी पोहोचली?

तुकड्यातुकड्याने. ‘लास्ट कॅरेस’ हे गाणे १९८० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या ‘बिवेअर’ या तबकडीत आले. १९८५ च्या ‘लेगसी ऑफ ब्रुटॅलिटी’ या संकलनात ‘स्टॅटिक एज’ची अनेक गाणी होती, पण त्यावर डॅन्झिगने स्वतः नवी वाद्ये वाजवून चढवली होती. म्हणजे मूळ चौघांचे वादन तसेच्या तसे ऐकायला मिळालेच नाही.

खरी प्रसिद्धी दुसऱ्यांनी दिली. ‘मेटॅलिका’चा बासवादक क्लिफ बर्टन मिसफिट्सचा चाहता होता. त्याच्या निधनानंतर १९८७ मध्ये मेटॅलिकाने ‘लास्ट कॅरेस’ गायले. १९९३ मध्ये ‘गन्स एन रोझेस’ने ‘अ‍ॅटिट्यूड’ गायले. दोन्ही गाणी १९७८ च्या त्या ३० तासांतली. लाखो लोकांना गाणे माहीत, पण मूळ अल्बम अस्तित्वात आहे हेच माहीत नाही, अशी स्थिती झाली.

ती कवटी नेमकी कुणाची?

टी-शर्टवरची कवटीही मुळात बँडची नाही. ‘द क्रिमसन घोस्ट’ या १९४६ च्या अमेरिकी चित्रमालिकेतल्या खलनायकाचा तो मुखवटा. मिसफिट्सने तो १९७९ पासून वापरला आणि मालिकेपेक्षा बँडच जास्त ओळखला जाऊ लागला.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, हॅलोविनच्या दिवशी, बँडने ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ ही तबकडी काढली. हे नाव जॉर्ज रोमेरो यांच्या १९६८ च्या झॉम्बीपटाचे. या चित्रपटाची कहाणीही नावाशीच येऊन थांबते. प्रदर्शनाआधी चित्रपटाचे नाव बदलले आणि नव्या नावाच्या पाटीवर वितरकाकडून कॉपीराइटची सूचना घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार एवढ्या चुकीने चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. तो कुणीही दाखवला, विकला. निर्मात्यांचा हक्क गेला तो गेलाच.

१९९६ मध्ये काय घडले?

बँड फुटल्यावर नाव, गाणी आणि कवटी कुणाची, यावर डॅन्झिग आणि ओन्ली यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. १९९५ मध्ये तडजोड झाली. ‘मिसफिट्स’ या नावाने गाण्या-वाजवण्याचा आणि रेकॉर्डिंगचा हक्क ओन्लीला मिळाला. टी-शर्टसारख्या वस्तूंवरचा हक्क दोघांत राहिला. त्यानंतर फेब्रुवारी १९९६ मध्ये शवपेटीच्या आकाराच्या खोक्यात चार सीडींचा संच आला आणि त्यात ‘स्टॅटिक एज’ होता. जुलै १९९७ मध्ये तो १७ गाण्यांसह स्वतंत्रपणे निघाला. वस्तूंच्या हक्कावरून २०१४ मध्ये पुन्हा दावा झालाच. तरीही २०१६ मध्ये दोघे ‘रायट फेस्ट’च्या मंचावर एकत्र आले.

परभणीतल्या कलाकारांनी यातून काय घ्यावे?

आज स्टुडिओसाठी नाव विकावे लागत नाही. भीमगीत असो, कव्वाली, शाहिरी की रॅप. मोबाइल आणि एक माइक असला तरी गाणे तयार होते आणि त्याच रात्री यूट्यूबवर चढते. पण रेकॉर्डिंग सोपे झाले म्हणून मालकीचा प्रश्न सुटलेला नाही. भारतातील कायदा थोडक्यात असा :

• एका गाण्यात तीन हक्क असतात : शब्दांचा, चालीचा आणि रेकॉर्डिंगचा. रेकॉर्डिंगचा हक्क सहसा निर्मात्याचा, म्हणजे पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणाऱ्याचा असतो.

• कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी करार लागतो. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, प्रदेश लिहिला नसेल तर भारत, असे धरले जाते.

• २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीतला वाटा कराराने काढून घेता येत नाही.

• कॉपीराइटसाठी नोंदणी सक्तीची नाही. बँडचे नाव मात्र ट्रेडमार्क म्हणून नोंदवता येते. नोंदणी दहा वर्षांची असते आणि वाढवता येते.

बँड जमला की पहिल्याच महिन्यात नाव कुणाचे, चाल कुणाची आणि मूळ फाइल कुणाकडे राहील, हे एका कागदावर लिहून सगळ्यांनी सही केली तर पुढची कितीतरी भांडणे टळतात. मैत्री असतानाच हा कागद करणे सोपे असते.

गंगाखेडच्या संत जनाबाईंनी आपल्या अभंगांच्या अखेरीस नामदेवांची दासी म्हणून स्वतःचे नाव गुंफले. ना करार, ना नोंदणी; तरी सातशे वर्षांनंतरही अभंग जनीचा आहे हे कुणाला विचारावे लागत नाही. लोडीच्या पोरांनी मात्र पहिल्याच सौद्यात एक नाव दिले, आणि दुसऱ्या नावासाठी पुढे अनेक वर्षे भांडत राहिले.