कॅमेरा निवडताना मेगापिक्सेलच्या आधी प्रकाश पाहावा

नोव्हेंबरअखेर अमेरिकेतील दुकानांत सवलतींचा हंगाम सुरू होतो आणि अनेक मराठी घरांत डिसेंबरातील भारतवारीची जुळवाजुळवही. भाचीचे लग्न, वडिलांची पंच्याहत्तरी, कोकणातील घरी चार दिवसांचा मुक्काम अशा बेतांबरोबर नवा कॅमेराही खरेदीच्या यादीत येतो. ही खरेदी पुष्कळदा मेगापिक्सेलच्या आकड्यावर ठरते. परतल्यावर असे आढळते की समुद्रकिनाऱ्यावरील छायाचित्रे सुरेख आली आहेत. दिवाणखान्यात ट्यूबलाइटखाली टिपलेली आजी मात्र धूसर आहे. किनाऱ्यावर पुढच्या वर्षीही जाता येईल. आजीच्या बाबतीत तसे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून आपण छायाचित्रे कोणत्या प्रकाशात काढणार, हा प्रश्न खरेदीपूर्वी सर्वांत आधी विचारायला हवा.

मेगापिक्सेलचे महत्त्व एकेकाळी खरे होते. कोडॅक कंपनीत स्टीव्ह सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या पहिल्या डिजिटल कॅमेऱ्याच्या प्रतिमेत अवघे १०,००० बिंदू होते आणि ती कॅसेटवर उतरवण्यास २३ सेकंद लागत. आज २४ मेगापिक्सेलच्या छायाचित्रात ६,००० गुणिले ४,००० बिंदू असतात. फोर-के दूरचित्रवाणी संचाला सुमारे ८३ लाख बिंदू पुरतात. इंचाला ३०० बिंदू या उत्तम दर्जाने छापले, तरी २४ मेगापिक्सेलमधून २० गुणिले १३ इंचांची प्रत निघते. दूरच्या पक्ष्याचा लहानसा भाग कापून मोठा करायचा असेल किंवा भिंतभर चित्र छापायचे असेल, तरच याहून मोठा आकडा कामी येतो.

मंद प्रकाशात खरा फरक पडतो तो सेन्सरच्या आकाराने. प्रतिमा टिपणारी ही चकती जितकी मोठी, तितका अधिक प्रकाश तिच्यावर जमा होतो आणि चित्रातील रवाळपणा कमी होतो. फुल फ्रेम सेन्सर ३६ गुणिले २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी प्रकारचा सेन्सर साधारण २३.५ गुणिले १५.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने त्याच्या निम्म्याहूनही लहान असतो. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर भरतो आणि बहुतेक फोनमधील सेन्सर त्याहूनही लहान असतात. किंमत, वजन आणि गुणवत्ता यांचा मेळ पाहता कौटुंबिक वापरासाठी एपीएस-सी हा बहुतेकांना पुरेसा पर्याय ठरतो.

त्याहूनही मोठा फरक लेन्स घडवते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिलिमीटरच्या झूम लेन्सवर बहुधा ३.५ ते ५.६ असे एफ-आकडे असतात. हा आकडा जितका लहान, तितके लेन्सचे छिद्र मोठे उघडते. एफ १.८ ची लेन्स एफ ५.६ च्या तुलनेत नऊ पटींहून अधिक प्रकाश आत घेते. जिथे शटर १/२५ सेकंद उघडे ठेवावे लागत होते, तिथे १/२०० सेकंद पुरते. लग्नातील धावती मुले किंवा नृत्याची गिरकी स्पष्ट टिपायची, तर शटरचा हा वेगच लागतो. कॅमेऱ्यातील कंपरोधक यंत्रणा छायाचित्रकाराच्या हाताचा कंप सावरते; समोरच्या माणसाची हालचाल ती थांबवू शकत नाही.

एपीएस-सी कॅमेऱ्यासाठी ३५ मिलिमीटर एफ १.८ ची लेन्स घरातील छायाचित्रांना उत्तम. तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. तिला झूम नसतो, त्यामुळे पुढे-मागे स्वतःलाच चालावे लागते. पूर्ण छिद्र उघडून समूहचित्र काढले तर मागची रांग धूसर येते. तिथे एफ ५.६ च ठेवावा. उन्हात, सहलीत आणि स्थिर दृश्यांसाठी आजचे फोन उत्तम काम करतात. तेवढीच गरज असेल तर कॅमेरा न घेणे हाही शहाणपणाचा निर्णय ठरतो.

खर्चाची विभागणी करताना लेन्सला झुकते माप द्यावे. कॅमेऱ्याची बॉडी काही वर्षांत जुनी होते. चांगली लेन्स अनेक बॉड्यांना साथ देते. मात्र बहुतेक कंपन्यांची लेन्स जोडण्याची खोबण वेगळी असते. कॅनन आणि निकॉन यांनी २०१८ मध्ये मिररलेस कॅमेऱ्यांसाठी अनुक्रमे आरएफ आणि झेड या नव्या खोबणी आणल्या. त्यामुळे बॉडी निवडण्याआधी तिला बसणाऱ्या, आपल्या खिशाला परवडणाऱ्या लेन्स कोणत्या, हे तपासावे.

भारतात नेण्यासाठी आणखी काही गोष्टी पाहाव्यात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तर भारतात ५० हर्ट्झची असते. त्यामुळे तेथील ट्यूबलाइट वा स्वस्त एलईडी दिव्यांखाली चित्रफितीत पट्टे किंवा लुकलुक दिसू शकते. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदांवर ठेवल्यास हा दोष बहुधा टळतो. चार्जरवर १००-२४० व्होल्ट असे लिहिलेले असल्यास केवळ प्लगचा अ‍ॅडॅप्टर पुरतो. जादा लिथियम बॅटऱ्या विमानात हातातील सामानातच ठेवाव्या लागतात. कंपनीची हमी दोन्ही देशांत चालते का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. दमट हवेत लेन्सवर बुरशी धरते. पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या असाव्यात.

अंतिम निर्णयापूर्वी शक्य असल्यास कॅमेरा आणि लेन्स दोन दिवस भाड्याने आणून पाहावी. संध्याकाळी, फ्लॅश न वापरता, घरच्याच दिव्याखाली जेवणाच्या टेबलाभोवतीची माणसे टिपावीत. ती हसताना, बोलताना स्पष्ट आली, तर तोच कॅमेरा आजीच्या दिवाणखान्यातही उपयोगी पडेल.