तळ्यातील रोहू आणि अडलेला निरोप

माझ्या एका बालरुग्णाचे वडील मत्स्यबीज केंद्रात काम करतात. मुलाच्या उलट्यांसाठी लिहून दिलेले डोम्पेरिडोन पाहून ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे औषध तर आम्ही माशांना टोचतो!" त्या एका वाक्याने मला रोहूच्या अभ्यासाला लावले.

रोहू मूळचा गंगा, सिंधू व ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतला. आपल्या ग्वाल्हेरजवळच्या चंबळेतही तो आढळतो. साधारणतः दुसऱ्या वर्षी तो प्रजननक्षम होतो. मादीच्या दर किलो वजनामागे दोन ते तीन लाख अंडी असतात. पावसाळ्यात पुराचे पाणी पसरले की नर-मादी अंडी व शुक्रद्रव एकदमच पाण्यात सोडतात. फलन शरीराबाहेर होते, आणि सुमारे २८ अंश तापमानात जेमतेम १४ ते २० तासांत पिल्ले बाहेर पडतात.

तळ्यातल्या मादीचे अंडाशयही असेच भरते. परंतु ती अंडी घालीत नाही. ऋतू सरला की अंडी शरीरातच शोषली जातात. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नदीतूनच गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या जातीही मिसळलेल्या असत.

दोष अंडाशयाचा नव्हे. पुराच्या खुणा मिळाल्या नाहीत तर मेंदूकडून पीयूषिका ग्रंथीला अखेरचा निरोप जात नाही. अर्जेंटिनात हौसे यांनी १९३० साली माशांना या ग्रंथीचा अर्क टोचून पाहिला होता. भारतात हिरालाल चौधुरी व अलिकुन्ही यांनी १० जुलै १९५७ रोजी ओडिशात कार्प माशांवर ही पद्धत यशस्वी केली. २००१ पासून हा दिवस राष्ट्रीय मत्स्यपालक दिन म्हणून पाळला जातो.

पुढे कळले की माशांत डोपामिन हा पीयूषिकेवरचा लगाम आहे. डोम्पेरिडोन तो लगाम सैल करते आणि सोबतचे कृत्रिम जीएनआरएच ग्रंथीला चेतवते. अकाली वयात येणाऱ्या मुलांना आपण याच कुळातले औषध सतत देऊन यौवनारंभ थांबवतो. माशाला एकच मात्रा देऊन प्रजनन सुरू करतात. औषध एकाच कुळातले. फरक मात्रेचा आणि वेळेचा!

मात्र या सोयीलाही एक किंमत आहे. मोजक्याच जोड्यांपासून पिढ्यान्‌पिढ्या बीज घेतले तर वंश दुबळा होतो. नव्या रक्तासाठी शेवटी नदीकडेच जावे लागते. म्हणून इंजेक्शन हाती आले तरी चंबळेचा पूर आणि त्यातली रोहूची वीण आपण जपलीच पाहिजे.