आजारपणाचा आणि अपघाताचा जादा विमा घ्यावा का?



बेणे, पाचट, हुमणी आणि तोडणीची तारीख सोडून शेतकी खात्याने विम्यावर लिहावे हे काहींना नवल वाटेल. पण अलीकडे प्लॉटवर गेलो की लागणीआधी विम्याचाच विषय निघतो. ऊस बिल खात्यावर जमा झाले रे झाले की एजंट दारात हजर. मग आम्हाला विचारणा होते, "साहेब, घेऊ का नको?" सबब या अंकात खताचे वेळापत्रक बाजूला ठेवून हा विषय घेत आहोत.

जादा म्हणजे कशापेक्षा जादा, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या पदरात काही गोष्टी आधीच आहेत, आणि निम्म्या सभासदांना त्या ठाऊक नसतात. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत २०२३ पासून विमा कंपनी मध्ये नाही, शासन स्वतः सानुग्रह अनुदान देते. सातबारावर नाव असलेला खातेदार आणि त्याच्या घरातील आणखी एक व्यक्ती, वय १० ते ७५, यांना तिचा आधार आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव गेल्यास दोन लाख, एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेल्यास एक लाख. सर्पदंश, विजेचा धक्का, वीज पडणे हे सारे त्यात येते. हप्ता नाही, मात्र अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांच्या आत गेला पाहिजे. घरात दुःख असताना कागदपत्रे कोणाला सुचत नाहीत, तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ही तारीख ध्यानात ठेवावी.

दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७०, वर्षाला २० रुपये, बँक खात्यातून परस्पर कापले जातात. रकमा वरच्यासारख्याच, दोन लाख आणि एक लाख. यात विचार करण्यासारखे काही नाही, घ्यावा आणि मोकळे व्हावे.

तिसरी महात्मा फुले जन आरोग्य योजना. शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत. पण दोन अटी आहेत. रुग्णालय योजनेतले पाहिजे आणि उपचार यादीतला पाहिजे. घरात ७० वर्षांवरील आई-वडील असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी आयुष्मान भारतचे वेगळे कार्ड निघते. ते आधी काढून घ्यावे, कारण या वयाला खासगी विम्याचा हप्ता झेपत नाही.

इतके असताना जादा कशाला? आमच्या गटातील एका सभासदाची हकीकत सांगतो. अडीच एकर ऊस, दोन म्हशी. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजताना बांधावरून पाय घसरला आणि मांडीचे हाड मोडले. घाईत जवळच्या खासगी दवाखान्यात नेले, तो योजनेत नव्हता. बिल एक लाख चाळीस हजार. पुढे पाच महिने खाटेवर. पाय बरा झाला, देवाची कृपा. पण बरा झाला म्हणूनच दोन्ही अपघात योजनांतून छदाम मिळाला नाही, कारण त्या अवयव कायमचा गेल्यावरच्या आहेत. खोडव्याच्या बगला फोडायला, खत टाकायला, पाण्याला रोजाने माणूस ठेवावा लागला आणि एक म्हैस विकावी लागली.

यात दोन भोके दिसतात. एक, योजनेबाहेरच्या दवाखान्याचे बिल. दुसरे, काही महिने अंथरुणात गेले तर त्या काळाचा खर्च.

पहिल्यासाठी आरोग्य विमा. इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. 'टॉप-अप' नावाची स्वस्त पॉलिसी दाखवली जाते. तिच्यात ठराविक रकमेपर्यंतचे बिल आपले, त्यावरचे कंपनीचे. पहिले पाच लाख फुले योजनेतून निघतील म्हणून पाच लाखांच्या वरची टॉप-अप घ्या, असा हिशेब मांडतात. वरच्या सभासदाला त्या पॉलिसीतून काय मिळाले असते? शून्य. बिल पाच लाखांच्या खालचे आणि दवाखाना योजनेबाहेरचा. तेव्हा कुटुंबाचा मिळून तीन ते पाच लाखांचा साधा विमा बरा, आणि तोसुद्धा तालुक्यातले आपले नेहमीचे दवाखाने कंपनीच्या कॅशलेस यादीत असतील तर. खोलीभाड्याची मर्यादाही पाहावी. मर्यादा दिवसाला ३,००० आणि आपण ६,०००ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत नुसते भाडेच नव्हे, डॉक्टर आणि शस्त्रक्रियेचे आकारही त्याच प्रमाणात, म्हणजे निम्मे कापतात.

अर्ज एजंटाला भरू देऊ नये, निदान वाचल्याशिवाय सही करू नये. कारखान्यातली साखर उघड्यावर पोत्यांत असते, रक्तातली मात्र अर्जात लपवली जाते आणि तिथेच दावा अडतो. आधीच्या आजाराला जास्तीत जास्त तीन वर्षे थांबावे लागते, पण सांगितलेले असेल तर पुढे मिळते. पॉलिसी हाती आल्यावर ३० दिवसांत नको वाटली तर परत करता येते.

दुसऱ्या भोकासाठी अपघात पॉलिसी, जिच्यात तात्पुरत्या अपंगत्वाला दर आठवड्याला भरपाई असते. ती सरसकट सर्वांनी घ्यावी असे आम्ही म्हणणार नाही. पगारदाराचे काम थांबले की पगार थांबतो. पायाला प्लास्टर लागले म्हणून ऊस वाढायचा थांबत नाही, बिल यायचे तेव्हा येते. थांबते ते आपले अंगकष्ट. भाऊ-भावजय एकत्र आहेत, पोरगा हाताशी आला आहे, त्या घरी हप्त्याऐवजी सोसायटीत २५-३० हजारांची ठेव बाजूला ठेवली तरी भागेल. पण एकटा हात, दुधाचा जोडधंदा, किंवा हंगामात स्वतः ट्रॅक्टर चालवणारा सभासद असेल तर त्याने ही पॉलिसी जरूर घ्यावी. घेताना शब्द नीट पाहावा. 'कायमचे' अपंगत्व एवढेच लिहिले असेल तर ते आपल्याला २० रुपयांत मिळालेलेच आहे. कर्ज काढून हप्ता भरायची पाळी असेल तर मात्र नको.

आणखी एक अडचण. आठवड्याची भरपाई ठरवताना कंपन्या उत्पन्नाचा पुरावा मागतात आणि शेती उत्पन्नाला आयकर नसल्याने आपल्याकडे विवरणपत्र नसते. ऊस बिलाचा उतारा चालेल का, हे हप्ता भरण्याआधी लेखी विचारून घ्यावे. तोंडी "हो, चालतं की" याला पुढे किंमत नाही. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे, कोणी तो लावून आकडा सांगत असेल तर विचारावे.

मागील तीन हंगामांच्या बिलांचा उतारा ज्यांना हवा असेल त्यांनी गट कार्यालयात चिटबॉयकडे साध्या कागदावर अर्ज द्यावा. आणि २० रुपयांच्या विम्याचे वर्ष १ जूनला सुरू होते, तेव्हा मे अखेर बँक खात्यात तेवढी शिल्लक आहे ना, हे पाहावे.