कामाचं बारसं

बाळाचं नाव ठेवायचं म्हटलं की आपल्या घरात किती खल होतो! आत्याचा मान, पत्रिकेतलं अक्षर, आजोबांची इच्छा, आणि शाळेत मुलांनी चिडवू नये ही आईची काळजी. पण ऑफिसात किंवा शाळेत नवं काम सुरू होतं, त्याची फाइल उघडली जाते, तेव्हा तिच्या नावाचा विचार कोण करतं? सुचेल ते टाइप करायचं आणि कामाला लागायचं. मीही तेच करत होते. माझ्या त्या निष्काळजीपणाची किंमत एका गुणी मुलीला मोजावी लागणार होती. थोडक्यात वाचली, म्हणून हे लिहायला बसले.

मी एका शाळेत अर्धवेळ शिक्षिका आहे. सकाळचे डबे, पोळ्या, सासूबाईंचं औषध आटोपून अकराला शाळेत पोचते आणि तीनपर्यंत परत. शिकवायचे तास कमी, म्हणून मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्याकडे कॉम्प्युटरचं काम सोपवलं. स्नेहसंमेलन, वृक्षारोपण, सहामाहीचे गुण, वार्षिक निकाल, सगळ्यांच्या फाइली मी सांभाळायच्या. "तुम्ही तरुण आहात, तुम्हाला जमेल," असं बाई म्हणाल्या. पस्तिशीतल्या बाईला कुणी तरुण म्हटलं की ती काहीही कबूल करते!

नववीच्या वार्षिक गुणांची मी एक फाइल केली. नाव दिलं, 'नववी गुण'. दोन दिवसांनी दुसऱ्या बाईंनी दुरुस्त्या दिल्या, म्हणून 'नववी गुण अंतिम' झाली. मग एका मुलीच्या पेपरात बेरीज चुकल्याचं फेरतपासणीत निघालं. तिचे आठ गुण वाढले. मी ती दुरुस्ती केली आणि फाइलीला नाव दिलं, 'नववी गुण नवीन'. त्या दिवशी माझ्या डोक्यात सगळं लख्ख होतं. नवीन म्हणजे सर्वात शेवटची, हे काय सांगायला हवं?

पण आमच्या कारकुनांनी निकालपत्रकं छापली ती 'अंतिम' मधून. त्यांचं तरी काय चुकलं? अंतिम म्हणजे शेवटचं, हे शाळेतलं पोरही सांगेल.

पाच दिवसांनी त्या मुलीची आई शिक्षक-खोलीच्या दाराशी उभी राहिली. शिवणकाम करून संसार चालवणारी बाई. हातातला कागद पुढे करून म्हणाली, "बाई, तुम्हीच म्हणाला होतात ना, हिचे गुण वाढलेत म्हणून? मग इथं तर तेवढेच दिसतात." सहाशेपैकी ३५४. फीसाठी एका संस्थेकडून मदत मिळायची होती आणि अट होती साठ टक्क्यांची, म्हणजे ३६० गुणांची. खरे गुण होते ३६२. अर्ज देण्याची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती.

माझ्या पोटात गोळाच आला. धावपळ करून नवं पत्रक छापलं, बाईंची सही घेतली, शिक्का मारला. अर्ज वेळेत गेला. पण ती माउली अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून आली नसती तर? "आपलेच मार्क कमी असतील" असं म्हणून गप्प बसली असती तर? रात्री मला झोप लागली नाही.

सासूबाईंची बरणी

दुसऱ्या दिवशी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या कॉम्प्युटरला हातही लावत नाहीत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, नवीन किती दिवस नवीन राहणार? नवी सूनसुद्धा वर्षभरच नवी असते!"

मग त्यांनी मला फडताळातल्या बरण्या दाखवल्या. इतकी वर्षं मी त्या रोज पाहत होते, पण चिठ्ठ्या कधी नीट वाचल्या नव्हत्या. 'कैरी, ज्येष्ठ' आणि खाली वर्ष. 'लिंबू, पौष' आणि वर्ष. एकाही बरणीवर 'नवीन लोणचं' असं लिहिलेलं नव्हतं. "मी नसले तरी तुला कळायला हवं ना, आधी कुठली संपवायची ते," त्या म्हणाल्या. फाइलीचं नाव कसं असावं, हे मला त्या एका वाक्यात कळलं. नाव ठेवणाऱ्याला सगळं ठाऊकच असतं. ज्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी नाव असतं.

किल्ले, मांजरं आणि गोड पदार्थ

गौरीला धाकटी जाऊबाई पुण्याहून आल्या. त्या कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत. पुरणाला कणीक तिंबता तिंबता विषय निघाला. त्यांच्याकडे प्रत्येक कामाला किल्ल्याचं नाव देतात. ऐकायला किती छान! पण नव्यानं आलेल्या मुलीला 'तोरणा' म्हणजे पगाराचं काम की गोदामाचं, हे चार जणांना विचारावं लागतं. शिवाय फोनवर 'सिंहगड' आणि 'सिंधुदुर्ग' यांची गल्लत होऊन एकाचे कागद दुसऱ्याकडे गेले होते. एका तापदायक गिऱ्हाइकाच्या कामाला तर पोरांनी गमतीनं 'कटकट' नाव दिलं आणि ते नेमकं बिलावर छापलं गेलं! पुढचं काय सांगावं?

अशी फजिती मोठमोठ्यांचीही झाली आहे. अमेरिकेतल्या अॅपल कंपनीनं एका कॉम्प्युटरचं घरातलं नाव प्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्यावरून ठेवलं होतं. ते बाहेर फुटलं, आणि आपलं नाव मालाच्या जाहिरातीला वापरलं जातंय असं वाटू नये म्हणून १९९४ साली सेगन यांनी हरकत घेतली. कंपनीतल्या लोकांनी नाव बदललं खरं, पण नव्या नावाच्या आद्याक्षरांत त्यांचीच टिंगल दडवली. प्रकरण कोर्टात गेलं. आतल्या आत ठेवलेलं नाव आत राहतंच असं नाही, हे यातून शिकायचं.

याच कंपनीनं २००१ सालापासून आपल्या कॉम्प्युटरच्या मुख्य प्रणालीला मोठ्या मांजरांच्या कुळातली नावं दिली. चीता, प्यूमा, जॅग्वार, पँथर, टायगर अशी ती रांग. २०१२ पर्यंत ती पुरली आणि २०१३ पासून कॅलिफोर्नियातल्या ठिकाणांची नावं सुरू झाली. म्हणजे नावांचा साचा निवडताना तो किती वर्षं पुरेल, हेही आधी पाहावं.

मोबाइलच्या अँड्रॉइडची गंमत तर आपल्या स्वयंपाकघरातली. कपकेक, डोनट, जेली बीन, लॉलीपॉप अशी गोड पदार्थांची नावं, तीही इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं. नावावरून आधीचं कुठलं, नंतरचं कुठलं ते कळावं, ही त्यातली खुबी. पण जगातल्या सगळ्यांना ते पदार्थ ठाऊक नव्हते, आणि काही भाषांत 'ल' आणि 'र' वेगळे ऐकूच येत नाहीत. शेवटी २०१९ साली कंपनीनं जाहीर नावांतून गोडधोड काढलं आणि नुसता आकडा ठेवला. उद्या आपण 'सांदण' किंवा 'घारगे' असं नाव ठेवलं, तर नागपूरच्या ऑफिसात ते कितीजणांना उमगेल?

आपल्याकडचं नीटस उदाहरण चांद्रयानाचं. पहिलं २००८ मध्ये, दुसरं २०१९ मध्ये, तिसरं २०२३ मध्ये. नावात काम आहे, आकड्यात क्रम आहे. पोरंसुद्धा चुकत नाहीत.

वादळांची यादी

नावांचा नियम कसा करावा, हे मला वादळांच्या यादीवरून सर्वात चांगलं कळलं. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' वादळ आलं, ते आठवत असेल. ते नाव बांगलादेशानं सुचवलेलं होतं. आपल्या बाजूच्या समुद्रातल्या वादळांना २००४ पासून नावं दिली जातात. आधी आठ देश मिळून ती सुचवत. २०२० साली तेरा देशांनी प्रत्येकी तेरा अशी १६९ नावांची नवी यादी तयार झाली. नाव छोटं हवं, इंग्रजीत आठ अक्षरांपेक्षा मोठं नको. उच्चाराला सोपं हवं. कुणाच्या धर्माला, राजकारणाला वा भावनेला धक्का लावणारं नको. आणि एकदा वापरलेलं नाव पुन्हा वापरायचं नाही. भारतानं 'गती', 'तेज', 'नीर', 'जलधि' अशी नावं दिली. वादळ आल्यावर नाव शोधत बसायचं नाही, यादी आधीच तयार, हे मला फार आवडलं.

मैत्रिणींनो, यात आपल्या जिव्हाळ्याचीही एक गोष्ट आहे. अमेरिकेत १९५३ पासून वादळांना फक्त बायकांची नावं देत. अमकीनं गाव उद्ध्वस्त केलं, तमकी लहरी आहे, असली भाषा वर्तमानपत्रांत यायची. फ्लॉरिडातल्या रॉक्सी बोल्टन यांच्यासारख्या स्त्रियांनी याविरुद्ध आवाज उठवला. शेवटी १९७९ पासून अटलांटिक महासागरातल्या वादळांच्या यादीत पुरुषांची नावंही आली.

आणि दुसऱ्या महायुद्धात १९४३ साली चर्चिल यांनी लष्करी मोहिमांच्या नावांबद्दल एक टिपण काढलं होतं. नावं बढाईखोर नकोत आणि पोरकटही नकोत. आपला मुलगा कुठल्या तरी थिल्लर नावाच्या मोहिमेत पडला, असं कुणा आईला सांगावं लागू नये. युद्धाच्या धामधुमीत त्यांना एका आईची आठवण झाली. शिवणकाम करणारी ती आई माझ्या डोळ्यांपुढे होतीच.

आम्ही ठरवलेले नियम

शाळेत मी बाईंना विचारून बैठक घेतली. आधी माझी चूक सगळ्यांसमोर सांगितली. एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आम्ही तीस वर्षं कागदावर केलं, तेव्हा काही अडलं नाही." मी म्हटलं, "बाई, तुमच्या वह्यांवर इयत्ता, तुकडी आणि वर्ष असायचं. तेवढंच इथं लिहू या." मग त्या हसल्या. नियम ठरले ते असे. ऑफिसला जाणाऱ्या मैत्रिणींनाही उपयोगी पडतील.

१. नावात आधी काम, मग वर्ग किंवा विभाग, मग वर्ष. क्रम सगळ्यांचा एकच.

२. 'नवीन', 'अंतिम', 'खरी' हे शब्द बंद. त्याऐवजी ०१, ०२ असे क्रमांक. एक आकडी संख्येआधी शून्य लिहावं, नाहीतर कॉम्प्युटर पुष्कळदा १० ला २ च्या आधी बसवतो.

३. तारीख लिहायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. २०२५-०३-०७ अशी. मग फाइली आपोआप ओळीनं लागतात. ही पद्धत १९८८ पासून आंतरराष्ट्रीय मानकात आहे.

४. फाइलीला माणसाचं नाव देऊ नये. माणसाची बदली होते, निवृत्ती होते. फाइल तिथंच राहते.

५. हौसेनं किल्ल्याचं, फुलाचं, नदीचं नाव ठेवायचं तर खुशाल ठेवा. पण सोबत काम सांगणारा एक शब्द हवाच. 'तोरणा-पगार' म्हटलं की हौसही भागते आणि कामही कळतं.

६. नाव फोनवर मोठ्यानं म्हणून पाहा. दुसऱ्या नावासारखं ऐकू येत असेल तर बदला.

७. ज्याचं काम आहे त्याच्यासमोर उच्चारता येणार नाही, असं नाव ठेवू नका.

८. जुन्या प्रती 'मागील' अशा वेगळ्या कप्प्यात हलवा. समोर एकच राहू द्या.

९. सगळे नियम एका कागदावर लिहून कॉम्प्युटरशेजारी चिकटवा आणि यादी सांभाळायला एकीला नेमा.

सगळं लगेच सुरळीत झालं असं नाही. पहिल्याच महिन्यात एका बाईंनी 'सहल अंतिम' नावाची फाइल केलीच! पण आता शेजारची बाई लगेच टोकते. यंदा निकालाच्या वेळी कारकून माझ्या टेबलाशी आले नाहीत. त्यांनी 'निकाल-नववी' पाहून सर्वात मोठ्या क्रमांकाची फाइल स्वतःच उघडली. त्या दिवशी मी घरी होते. धाकट्याला ताप होता. एरवी मी नसल्यामुळे सगळं अडलं असतं.

ती मुलगी आता दहावीत आहे. तिची आई परवा बाजारात भेटली. मला पाहून हसली आणि म्हणाली, "बाई, या वेळी पत्रक बरोबर असेल ना?" मी म्हटलं, "असेल. तरी घरी नेल्यावर एकदा बेरीज करून बघा."

आज आवळ्याचा मुरांबा केला. बरणीवर चिठ्ठी लावली. 'आवळा, मार्गशीर्ष', आणि खाली वर्ष. सासूबाईंनी चष्मा लावून वाचली आणि काही न बोलता बरणी फडताळात ठेवली.