ओल धरून ठेवणारे कानिटकर

वसईच्या वाडीवाल्यांनी पावसाचं पाणी बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, साठवलं. सोलापूरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला मात्र काळी जमीन हीच साठवण. तिच्यातली ओल कशी राखायची, याचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणाऱ्यांत एन. व्ही. कानिटकर हे मोठं नाव.

पुण्याजवळच्या मांजरीला १९२३ मध्ये असं कोरडवाहू संशोधन सुरू झालं, १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र उभं राहिलं. त्यातून ‘मुंबई कोरडवाहू पद्धत’ घडली: बांधबंदिस्ती, खोल नांगरट, पावसाळ्यात कुळवाच्या पाळ्या, कमी बियाणं, ओळींत जास्त अंतर आणि वारंवार कोळपणी. यातली कोळपणी फार मोलाची. तिने जमिनीच्या भेगा बुजतात, खालची ओल रब्बी ज्वारीला पुरते.

कानिटकरांचा ‘ड्राय फार्मिंग इन इंडिया’ हा ग्रंथ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला.